पत्रा उडू नये म्हणून : दारातल्या गाडीच्या शेडची आखणी आणि निगा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. दुपारच्या दोन-तीन तासांत रायगड जिल्ह्यात जे काही मोडलं, त्यात झाडं आणि विजेचे खांब यांच्या जोडीला पत्र्यांचं नाव सगळीकडे होतं. कौल फुटलं तर बहुधा जागच्या जागी खाली येतं. उडालेला पत्रा मात्र दुसऱ्याच्या दारात, गाडीवर किंवा विजेच्या तारेवर जाऊन पडतो. एका घराचं नुकसान तो चार घरांचं करतो.

आता पेणच्या रामवाडीसारख्या, महामार्गालगतच्या वस्तीत बंगल्यापुढे गाडी असणं नवलाचं राहिलेलं नाही, आणि गाडी आली की वर्षभरात पत्र्याची शेडही येते. पूर्वी अंगणात मांडव पडायचा तो पाऊस सरल्यावर, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, कामांत तो उतरवला जायचा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा मांडव टिकत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसांची ती रीत होती. आपण आता तोच मांडव लोखंडाचा करतो आणि बारा महिने उभा ठेवतो. म्हणजे जो भार त्याच्यावर कधी येऊ दिला नव्हता, तो आता त्याला दरवर्षी सोसायचा आहे.

शेडचा विचार आपण नेहमी वरून खाली करतो : पत्रा कोणता, रंग कोणता, मग पाइप, आणि शेवटी खड्डे. इथे तो खालून वर करायला हवा. कारण आपल्याकडे शेड वजनाने कोसळत नाही. ती उडते, आणि उडाली नाही तर गंजते. पैसा या दोन गोष्टींवर घाला. बाकी सगळं दुय्यम आहे.

जागा आणि परवानगी

आधी मान वर करून बघा. नारळाखाली शेड नको. सुकलेली झावळ किंवा नारळ पडला की पत्र्याला पोचा येतो, आणि त्या पोच्यात पाणी साचून पहिलं भोक तिथेच पडतं. आंबा-फणसाखाली सावली मिळेल, पण पानांनी पन्हळ दर आठवड्याला तुंबेल. वरून विजेची तार जात असेल तर महावितरणशी बोलल्याशिवाय खड्डासुद्धा खणू नका.

मग जमीन. पेणच्या आसपास अनेक प्लॉट भातखाचरात भराव टाकून तयार झाले आहेत. भरावात खणलेला खड्डा फसवा असतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत माती बसते आणि खांब कलतो. खड्डा मूळ घट्ट जमिनीपर्यंत, शक्यतो मुरुमापर्यंत न्यायचा. खारपट्ट्याकडच्या चिकणमातीत मुरूम लवकर लागत नाही. तिथे खड्डा खोलच नव्हे, रुंदही घ्यावा लागतो.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नये. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर बांधकाम विभागात आणि गावात असाल तर ग्रामपंचायतीत आधी विचारा. घराभोवती मोकळी सोडायची जागा शेडने झाकली जाते का, हा पहिला प्रश्न. महामार्गालगत असाल तर रस्त्यापासून सोडायचं अंतर हा दुसरा, आणि खाडीजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राचा तिसरा. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीचं लेखी पत्र घ्या. आणखी एक : घराचा विमा असेल तर त्यात शेडचा उल्लेख आहे का, ते पाहा. वादळानंतर पंचनाम्याची वेळ आली तर शेडचे आधीचे फोटो आणि बिलं हाताशी असलेली बरी.

माप : गाडीचं नव्हे, दारांचं

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत, म्हणजे तेरा फुटांच्या आसपास लांब असतात. मोठ्या गाड्या पंधरा-सोळा फुटांपर्यंत जातात. पण माप घ्यायचं ते दोन्ही बाजूंची दारं उघडून. एका गाडीला १८ फूट लांब आणि १० फूट रुंद जागा पुरते. दोन गाड्यांना रुंदी १८ ते २० फूट लागते. दुचाकी, सायकल आणि पाण्याचा पंप तिथेच येणार असतील तर ते आजच धरा, कारण वाढीव पडवी नंतर जोडली की तिचा सांधा हमखास गळतो.

उंची कमी बाजूला ८ फूट ठेवा. उंच शेड दिसायला ऐसपैस, पण इथला पाऊस सरळ पडत नाही. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. शेड जितकी उंच, तितका पाऊस आत. शक्य असेल तर छपराची उतरती बाजू पश्चिमेला घ्या. वळचण खाली आली की गाडीच्या त्या अंगाचं आपोआप रक्षण होतं. उतार सहा फुटांना एक फूट असावा. त्याहून सपाट छपरावर जोराच्या सरीत पाणी सांध्यातून मागे चढतं.

वाऱ्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. इमारतीवर वाऱ्याचा भार किती धरायचा, हे भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी तो ३९ मीटर आहे. पेण-रोह्याच्या शेडला मुंबईचा आकडा धरणं शहाणपणाचं.

वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात चौरस मीटरला सुमारे ६८ किलोचा दाब येतो. १५८ ला तोच ११८ किलो. १८ बाय १० फुटांचं छप्पर म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. उघड्या छपराला वर उचलणारा जोर साधारण याच दाबाच्या आसपास असतो, कडांना आणि कोपऱ्यांना त्याहून जास्त. म्हणजे ऐन वादळात ही छोटी शेड जवळजवळ दोन टनांच्या जोराने वर ओढली जाते. शेडचं स्वतःचं वजन, पत्रे आणि पाइप धरून, अडीचशे-तीनशे किलो. उरलेला जोर कोण पेलणार? खांबाखालचं काँक्रीट.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्ड्यात दहा घनफूट काँक्रीट बसतं. त्याचं वजन सुमारे ६८० किलो. चार खांबांचे मिळून सत्तावीसशे किलो होतात, आणि हिशेब जमतो. उलट फूटभर लांबी-रुंदीचा आणि दीड फूट खोल खड्डा घेतला तर चारही खांबांखाली मिळून चारशे किलोच काँक्रीट असतं. शेड का उडते, याचं उत्तर या दोन खड्ड्यांच्या फरकात आहे. खड्डे खणताना स्वतः टेप घेऊन उभे राहा. काँक्रीट भरल्यावर ते माप कोणालाच दिसत नाही.

शेड चारही बाजूंनी मोकळी असेल तर वारा आरपार जातो. तीन बाजू बंद आणि पश्चिमेला तोंड उघडं, ही सर्वांत धोक्याची रचना. आत शिरलेल्या वाऱ्याला वाट नसते, तो खालून ढकलतो आणि बाहेरचा वरून ओढतो. भर पावसात छत्री उलटी व्हावी तसं छप्पर जातं. एखादी बाजू बंद करायचीच असेल तर पश्चिमेची करा, तीही वर-खाली फूटभर फट ठेवून.

शेडला घराच्या भिंतीचा आधार घेत असाल तर भिंतीतले अँकर बोल्ट विटेत नव्हे, काँक्रीटच्या तुळईत किंवा कॉलममध्ये गेले पाहिजेत. दोन गाड्यांहून मोठी शेड किंवा गच्चीवरची शेड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आराखडा घ्या. त्याची फी वाचवण्यात शहाणपणा नाही.

सांगाडा

खांब काँक्रीटमध्ये थेट गाडू नका. गाडलेला खांब नेमका जमिनीच्या रेषेवर गंजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. वरून रंग चकचकीत दिसतो आणि खाली पाइप कागदासारखा झालेला असतो. त्याऐवजी काँक्रीटचा चौथरा फरशीपासून सहा इंच वर आणा, त्यात १६ मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट बसवा आणि त्यावर १० मिलिमीटर जाडीची बेस प्लेट आवळा. चौथऱ्याच्या माथ्याला बाहेर उतार द्या. पाइपचं वरचं तोंड झाकण वेल्ड करून बंद करा, आणि तळाशी पाणी निघायला छोटं भोक ठेवा.

एका गाडीच्या शेडला खांबासाठी ७५ बाय ७५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप चांगला. तोलून घ्या : त्याचं वजन मीटरला पावणेसात किलोच्या आसपास भरतं. ५० बाय ५० चा २ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला तीन किलोच असतो. फॅब्रिकेटरशी करार चौरस फुटावर असेल तर पाइपचं माप, जाडी आणि वजन कागदावर लिहून घ्या. नुसतं ‘हेवी पाइप’ या शब्दाला काट्यावर काही किंमत नाही. खांब आणि आडव्या तुळया यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार हवेतच. त्याशिवाय शेड वाऱ्यात डुलते आणि डुलून वेल्ड तडकतात. पर्लिनमधलं, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाइपांमधलं, अंतर चार फुटांच्या वर नको, आणि शेवटच्या पर्लिनपुढे पत्रा फुटाहून जास्त बाहेर नको.

वेल्डिंग झाल्यावर सांध्यावरची खरपुडी ठोकून काढायची, तारेच्या ब्रशने घासायचं, मग झिंकयुक्त प्राइमरचे दोन हात आणि त्यावर रंगाचे दोन. नुसता रेड ऑक्साइड मारून ठेवलेली शेड म्हणजे अर्धवट काम. एक पावसाळाही त्याच्या भरवशावर काढू नये. जस्त चढवलेला पाइप वेल्ड केला तर सांध्यावरचं जस्त जळून जातं. तिथे पुन्हा झिंकचा रंग लावावा लागतो. जळणाऱ्या जस्ताचा धूर छातीला वाईट, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि तोंडाला मास्क लावूनच व्हावं.

पत्रा घेताना

दुकानात आपण जाडी विचारतो. विचारायचं असतं ते जस्त. आयएस २७७ या मानकात जस्ताच्या थराचे वेगवेगळे दर्जे आहेत : १२०, १८०, २२०, २७५. हे आकडे चौरस मीटरला दोन्ही बाजूंचं मिळून किती ग्रॅम जस्त आहे, ते सांगतात. १२० च्या पत्र्यावर एका बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आसपास जस्त असतं, २७५ च्या पत्र्यावर सुमारे वीस मायक्रॉन. खारट किंवा रासायनिक हवेत, जागतिक मानकाच्या ‘सी ४’ वर्गात, जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतं. म्हणजे न रंगवलेला स्वस्त पत्रा दोन ते चार वर्षांत उघडा पडतो, जाड थराचा पाच ते दहा वर्षं तगतो. पेणला धरमतरच्या खाडीचा खारा वारा आहे. रोह्याला धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांची हवा आहे. दोन्हीकडे कमी जस्ताचा पत्रा महागच पडतो.

ॲल्युमिनियम-जस्त मिश्र थराचा पत्रा, ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात, आणखी टिकाऊ. त्याच्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं. पण तो ओल्या सिमेंटला लागू देऊ नये आणि गोठ्याला लागून वापरू नये. सिमेंटचा क्षार आणि शेण-मूत्राचा अमोनिया दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. रंगीत पत्रा घेतलात तर आतल्या थराचा दर्जा तरीही विचारा. जाडी सांगताना अनेकदा रंग आणि थर धरून सांगतात. निव्वळ पोलाद त्याहून कमी असतं. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर जाडी, थर आणि दर्जा छापलेला असतो. छाप नसेल तर घेऊ नका. ०.५० मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा उघड्या शेडला नको. लांबी अशी घ्या की वळचणीपासून माथ्यापर्यंत एकच पत्रा जाईल. आडवा सांधाच नसेल तर गळतीही नाही.

पत्रा ग्राइंडरने कापू नये, कात्रीने कापावा. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचा थर जळतो, आणि ठिणग्यांबरोबर उडालेला लोखंडाचा भुगा पत्र्यावर बसून पहिल्या सरीला तांबूस ठिपके पडतात. छिद्रांचा भुगा त्याच दिवशी संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढायला लावा.

स्क्रू आणि वॉशर

वादळात पत्रा फाटतो तो बहुधा स्क्रूपाशी. कडेच्या पर्लिनवर आणि टोकाच्या पत्र्यांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. मधल्या भागात एक सोडून एक चालेल. हुक बोल्ट वापरत असाल तर भोक नेहमी उंचवट्यावर पाडा, खळग्यात नाही. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित दबेल इतकंच आवळायचं. जास्त आवळला की रबर बाहेर फुगतं, वर्षभरात चिरतं आणि पाणी स्क्रूच्या अंगाने आत येतं. उन्हाने रबर कडक होतंच, तेव्हा दर काही वर्षांनी वॉशर बदलण्याचा खर्च धरून चाला. जस्ताचा चांगला थर असलेला स्क्रू घ्या. पत्रा दहा वर्षांचा आणि स्क्रू दोन वर्षांचा, असं जमत नाही.

पाणी आणि फरशी

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या १८ बाय १० च्या छपरावर हे जवळजवळ पन्नास हजार लिटर होतं. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर त्या तासात सोळाशे लिटरहून जास्त पाणी पन्हळीत उतरतं. म्हणून पन्हळ किमान सहा इंच रुंद आणि उतरता पाइप चार इंची हवा. ते पाणी शेजाऱ्याच्या कुंपणात सोडू नका. निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, मग टाकीत, शोषखड्ड्यात किंवा विहिरीत वळवा. पेण तालुक्यातल्या खारपट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. पत्र्यावरचं पाणी पिण्याला नको, पण गाडी, अंगण आणि झाडं यांना ते चालतं.

फरशी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच आणि बाहेर उतार असलेली करा. गुळगुळीत टाइल नको, पावसात पाय घसरतो. खराट्याने रेघा ओढलेलं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक उत्तम.

बंद गॅरेज करणार असाल तर

शटर लावलेल्या गॅरेजला समोरासमोर झरोके हवेत. आत इंजिन चालू ठेवून शटर कधीही ओढू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस दगावतो. झरोक्यांना बारीक जाळी लावा, कारण बंद जागेत उंदीर गाडीच्या वायरी कुरतडतात आणि उंदरामागे साप येतो. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग करायचं असेल तर स्वतंत्र वायर, गळती ओळखणारा ब्रेकर आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. शेड लोखंडाची आहे, हे विसरू नका.

वर्षाची निगा

एप्रिल-मे, आगोटीबरोबर : सगळे स्क्रू आणि बेस प्लेटचे नट तपासा, सैल ते आवळा, गंजलेले बदला. पन्हळ साफ करा. बादलीभर पाणी ओतून उतार बघा. आजूबाजूच्या झाडांच्या सुक्या फांद्या उतरवा. हे सगळं मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत.

जून ते सप्टेंबर : पंधरा दिवसांनी पन्हळीतली पानं काढा. गळती दिसली तर खडूने खूण करून ठेवा. ओल्या पत्र्यावर सिलिकॉन चिकटत नाही आणि ओल्या पत्र्यावर चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

दसरा-दिवाळी : खुणा केलेली गळती बुजवा. गंजाचे डाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, प्राइमर आणि रंग लावा. गंजावरच रंग मारला तर आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

जानेवारी-फेब्रुवारी : पत्र्याची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. हे काम जवळजवळ कोणी करत नाही. वरचा खार पाऊस धुऊन नेतो. आतल्या बाजूला बसलेला खार आणि धूळ तशीच राहते, रात्रीच्या दवाने ओलावते आणि पत्रा आतून खाते. वर्षातून दोनदा नळी मारली तर पत्र्याचं आयुष्य वाढतं.

वर चढायचं झालं तर पर्लिनवर फळी टाकून तिच्यावरूनच चाला. दोन पर्लिनच्या मध्ये पाय देऊ नका.

वादळाचा इशारा आला की

पत्र्यावर दगड किंवा विटा ठेवू नका. त्यांनी पत्रा थांबत नाही, उलट दगड उडतात. आधीच्या तयारीत चारही कोपऱ्यांना कडी वेल्ड करून ठेवली असेल तर वायर रोप जमिनीतल्या हुकाला ताणून बांधता येते. सुट्या वस्तू घरात घ्या, चार्जर आणि दिव्यांची वीज बंद करा. पायाबद्दल शंका असेल तर गाडी शेडखालून काढून झाडं आणि तारांपासून दूर मोकळ्यावर लावा. वारा सुरू झाल्यावर शेडपाशी जाऊ नका. वादळ ओसरल्यावरही शेडला तार चिकटलेली नाही ना, हे लांबूनच पाहून घ्या.

शेड बांधायला निघालात की फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न पत्र्याच्या रंगाचा नको, खड्ड्याच्या मापाचा करा. ज्याच्याकडे त्याचं उत्तर तयार आहे, त्यालाच काम द्या.